ओठांवरची कविता, वहीतली कविता

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

अलीकडे ‘स्पोकन वर्ड’ हा शब्द आपल्याकडेही रुळला आहे. एखादा तरुण किंवा तरुणी माइकसमोर उभी राहते, हातात कागद नसतो, आणि तीन-चार मिनिटांत स्वतःची कविता सादर करते. ती गात नाही, निव्वळ वाचतही नाही. बोलते. मुंबई-पुण्याच्या कॅफेंमध्ये असे कार्यक्रम गेल्या दशकात वाढले. त्यांच्या चित्रफिती मोबाइलवर फिरतात आणि त्यातल्या काही कवींचे पुढे छापील संग्रहही निघतात. माझा सगळा जन्म मराठी शिकवण्यात गेला, बरीच वर्षे पेणला आणि काही वर्षे रोह्याला. जुने विद्यार्थी आणि आता त्यांची मुले या फिती मला दाखवतात आणि विचारतात, ‘‘सर, हे मराठीत पूर्वी होतं का हो?’’

होते. भरपूर होते, आणि आमच्या दोन्ही तालुक्यांत तर ते रात्र-रात्र चालत असे. फरक इतकाच की, त्यातल्या कुणाचे पुस्तक झाले आणि कुणाचे झाले नाही. का झाले नाही, हा प्रश्न मला त्या फितींपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून आज त्याविषयी थोडे बोलणार आहे.

या तरुणांच्या कार्यक्रमांचे मूळ बहुतेक जण अमेरिकेत दाखवतात. शिकागो शहरात मार्क स्मिथ नावाचा एक कवी होता, बांधकामावर काम केलेला. १९८६ साली त्याने ‘ग्रीन मिल’ या जाझ संगीताच्या जुन्या अड्ड्यावर कवितेची चढाओढ सुरू केली. तिला ‘पोएट्री स्लॅम’ म्हणतात. श्रोत्यांमधूनच पाच परीक्षक निवडायचे, त्यांनी शून्य ते दहा गुण द्यायचे, आणि कविता आवडली नाही तर बाकीच्यांनी मोकळेपणाने आरडाओरडा करायचा. विद्यापीठांच्या खोल्यांत कोंडलेली कविता चार लोकांत आणावी, असा त्यामागचा विचार. ही पद्धत पुढे देशोदेशी गेली.

हे वाचले तेव्हा मला रोह्याकडचा शक्ती-तुरा आठवला. दक्षिण रायगडात, म्हणजे रोहा, तळा, माणगाव, म्हसळा या पट्ट्यात आणि तिथून खाली रत्नागिरीपर्यंत, मुख्यतः कुणबी समाजाने हा प्रकार जपला आहे. जाखडी किंवा बाल्या नाच ही त्याचीच ओळखीची नावे. मुंबईत घरगडी म्हणून राबणाऱ्या कोकणी माणसाच्या कानातल्या बाळीवरून ‘बाल्या’ हे नाव पडले असे सांगतात. मधोमध बुवा, म्हणजे शाहीर, त्याच्याजवळ मृदंग किंवा ढोलकी आणि टाळ-झांज, आणि भोवती पायांत चाळ बांधून गोल फेर धरणारी पोरे. मूळ भांडण कलगी-तुऱ्याचे. कलगीवाले शक्तीला, म्हणजे प्रकृतीला श्रेष्ठ मानणार आणि तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषाला. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ज्यावर तासभर जांभया येतील, तो प्रकृती-पुरुषाचा वाद इथे अंगणात, कंदिलाच्या आणि पुढे ट्यूबलाइटच्या उजेडात, पहाटेपर्यंत रंगायचा.

आधी गण, मग गवळण आणि त्यानंतर खरी लढत, सवाल-जवाबाची. एका बुवाने पुराणातले एखादे आडबाजूचे कोडे कवनात गुंफून टाकायचे. दुसऱ्याने उत्तर द्यायचे ते शक्यतो त्याच चालीत, आणि उत्तर संपवताना आपला सवाल वर ठेवून द्यायचा. बुवाला उत्तर माहीत नसेल तर तो बगल देतो. समोरच्याच्या आवाजाची, अंगरख्याची, गावाची थट्टा करून वेळ मारून नेतो. पण पुढे घोंगडीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना बगल बरोबर कळते. गुणांची पाटी नसते, पण ‘पडला’ की ‘चढला’ हे दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर ठरलेले असते. शिकागोच्या मार्क स्मिथला आमच्या एखाद्या बुवासमोर बसवला असता तर त्याला परीक्षक नेमण्याची गरज वाटली नसती!

हा प्रकार गावापुरता राहिला नाही. गिरण्यांत आणि गोदीत कामाला गेलेल्या माणसांबरोबर तो मुंबईत पोचला. परळच्या दामोदर हॉलमध्ये गावोगावच्या मंडळांनी तिकीट लावून शक्ती-तुऱ्याचे सामने केले. त्या पैशांतून गावच्या देवळाची कौले बदलली, शाळेला खोली मिळाली. तो जुना हॉल २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाला, तेव्हा नाटकवाल्यांइतकेच जाखडीवालेही हळहळले.

मग या बुवांचे कवितासंग्रह कुठे आहेत? ग्रंथालयाच्या कपाटात ते सापडायचे नाहीत. प्रत्येक बुवाजवळ असते ती वही. जाड पुठ्ठ्याची, हिशेबाची असते तशी. काहींच्या वह्या गुरूकडून आलेल्या, पानांचे कोपरे झिजलेले, मध्येच पेन्सिलीने चालीची खूण. या वह्या बुवा सहसा कुणाला दाखवत नाहीत. मला सुरुवातीला हा कंजूषपणा वाटायचा. मग एका बुवांनी हसत सांगितले, ‘‘सर, यातले सवाल छापून दिले तर समोरच्या पार्टीला उत्तरं घरबसल्या मिळतील. मग मी गाऊ काय?’’ इतके सरळ कारण होते. आपल्याकडे पुस्तक निघणे हा कवीचा मान समजला जातो. इथे पुस्तक म्हणजे शस्त्रे शत्रूच्या हाती देणे. या कवितेची किंमत ती कुणाला माहीत नसण्यावर उभी होती.

पोवाड्यांचे नशीब या मानाने बरे. हॅरी अ‍ॅक्वर्थ हे इंग्रज अधिकारी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. त्यांनी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध केला, आणि १८९४ मध्ये अ‍ॅक्वर्थ यांनी त्यातले निवडक पोवाडे इंग्रजी पद्यात नेले. गोंधळ्यांच्या ओठांवरचे पोवाडे असे कागदावर आले. पण ते का आले, याचाही विचार करावा. त्यांत राजे होते, लढाया होत्या, सिंहगड होता. इतिहासकाराला त्यांचा उपयोग होता. शक्ती-तुऱ्यात राजा नव्हता. धवल्यातही नव्हता.

धवला म्हणजे काय, हे पेण, अलिबाग, पनवेल, उरणकडच्या माणसाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. आगरी समाजाच्या लग्नात म्हटली जाणारी ही गीते. ती म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. तिचे काम नुसते गाणे म्हणण्याचे नव्हे. जुन्या काळी लग्नाचे विधी ती सांगे, ती चालवी. भटजीच्या जागी तीच. मांडव घालताना वेगळा धवला, हळदीचा वेगळा, देवांना आणि पितरांना लग्नाचे आवतण द्यायचे ते धवल्यातूनच. वाद्य नाही. दोघी-तिघी बायका लांब ओढलेल्या सुरात ओळ धरतात, एकीचा श्वास संपतो तिथे दुसरी उचलते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सगळे एकसुरी वाटते. तासभर बसले की लक्षात येते की, त्या सुरावर लक्ष जाऊच नये, शब्द कानात पडावेत, अशीच त्याची बांधणी आहे. म्हणजे जवळजवळ बोलणेच.

आता या शब्दाकडे पाहा. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो. डोळ्याचा डोला, हळदीची हलद. तेव्हा धवला म्हणजे धवळा. आणि मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री जी महदंबा, तेराव्या शतकातली, चक्रधरस्वामींची शिष्या, तिच्या रचनेचे नाव ‘धवळे’! ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा मांडला गेला आणि त्या प्रसंगी महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची ही गीते रचून म्हटली, अशी महानुभावांची परंपरा सांगते. धवळे म्हणजे लग्नात वराविषयी गायची गीते. म्हणजे मराठीतल्या ज्या पहिल्या कवयित्रीचे नाव आपल्याला ठाऊक आहे, तिची कविता आधी मांडवात म्हटली गेली आणि नंतर पोथीत उतरली. महानुभावांनी ती आपल्या सांकेतिक लिपीत शतकानुशतके सांभाळली आणि छापून आली ती विसाव्या शतकात.

महदंबेचे धवळे आणि पेणच्या खारेपाटातला धवला एकच, असे मी म्हणत नाही. सातशे वर्षांचे अंतर आहे आणि विदर्भापासून खाडीपर्यंतचा मुलूख मध्ये आहे. पण शब्द तोच, प्रसंग तोच, आणि म्हणणारी बाईच. विद्यापीठात आम्ही महदंबेवर चार गुणांची टीप लिहीत होतो, तेव्हा पेणच्या बाजारात पाटी घेऊन बसलेल्या एखाद्या म्हातारीच्या ओठांवर तिची धाकटी बहीण जिवंत होती. आम्हाला ते कुणी सांगितले नाही, कारण ती अभ्यासक्रमात नव्हती.

एकदा खारेपाटातल्या एका गावी मी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो होतो. आजींनी चहा दिला, पोह्याचे पापड दिले, पण धवला म्हणायला तयार होईनात. ‘‘हलद नाय, मांडव नाय, न धवला कसा बोलू?’’ एवढेच म्हणाल्या. त्यांचे बरोबर होते. वेळ नसताना देवांना आवतण दिले तर देव येऊन बसतील कुठे? बुवाची वही आणि आजींचा नकार यांत मला एकच गोष्ट दिसते. ही कविता प्रसंगाला बांधलेली असते. पुस्तक मात्र कुठल्याही दुपारी उघडता येते, आणि त्याच कारणाने ते अशा कवितेला परके वाटते.

पण याची दुसरी बाजूही बघितली पाहिजे. धवलारणी म्हाताऱ्या झाल्या, अनेक गेल्या. लग्ने हॉलमध्ये लागतात, हळदीला डीजे असतो, विधी गुरुजी सांगतात. पुष्कळ गावांत आता धवलारीण शोधून आणावी लागते. लोकगीतांच्या ज्या संग्रहांत अशी गाणी सापडतात, तिथे कवीच्या जागी ‘पारंपरिक’ असे छापलेले असते. शेकडो बायकांची नावे त्या एका शब्दात बुडाली. बहिणाबाई चौधरी यांचेही तेच झाले असते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, म्हणून ओव्या टिपल्या गेल्या. आईच्या निधनानंतर त्याने त्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या, म्हणून १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापली गेली. जळगावकडची ती शेतकरीण आज प्रत्येक शाळेत पोचली आहे. पण सोपानदेव सगळ्यांच्याच घरी जन्माला येत नाहीत.

बोललेले शब्द टिपणारा माणूस लाभला तर काय होते, याचे उदाहरण पेण तालुक्याशीही जोडलेले आहे. गागोद्याला १८९५ साली जन्मलेले विनोबा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचन दिले, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, अठरा रविवार. समोर बसून साने गुरुजी भराभर उतरवून घेत होते. त्यातून ‘गीता प्रवचने’ झाले. त्याआधी १९३०-३१ मध्ये रचलेली ‘गीताई’ तर म्हणण्यासाठीच होती. घराघरांत ती पाठ झाली, पुस्तक उघडले जाई ते ओळ अडली तरच.

आता शहरी कवितेकडे येऊ. तिचा प्रवास उलटा आहे. ती आधी मासिकात छापली गेली आणि मग तिला श्रोते हवेसे वाटू लागले. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई ही मंडळी रविवारी चहाला जमत आणि कविता म्हणत. पुढे यशवंत आणि गिरीश गावोगाव काव्यगायन करू लागले. शाळेच्या सभागृहात कवीला बघायला आणि ऐकायला तिकीट काढून माणसे येतात, ही गोष्टच नवी होती. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये या मंडळींची यथेच्छ टर उडवली, पण टर उडवायलाही आधी माणूस सर्वांना माहीत असावा लागतो.

ती कविता गायली जात होती. ती बोलती केव्हा झाली? माझ्या मते दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे कवी अनिलांनी मुक्तछंद आणला. मुक्तछंदाला चाल लावता येत नाही, तो म्हणावाच लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे रेडिओ. माइकजवळ हळू बोलले तरी चालते, हे रेडिओने कवींना शिकवले. बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते, मंगेश पाडगावकरही होते. पु. ल. देशपांडे तिथेच होते. पुढे पु. ल. आणि सुनीताबाई या दोघांनी बोरकरांच्या आणि मर्ढेकरांच्या कवितांचे जाहीर वाचन केले, तेव्हा पुस्तकात दुर्बोध म्हणून बाजूला ठेवलेले मर्ढेकर लोकांना कानाने कळले. नुसता विराम योग्य ठिकाणी घेतला तरी ओळ उघडते, हे मी तिथून शिकलो आणि आयुष्यभर वर्गात वापरले.

या सगळ्याचा कळस म्हणजे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांचे एकत्र काव्यवाचन. कित्येक वर्षे त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला. मी त्यांना एकत्र ऐकले ते मुंबईत, एकदाच. विंदांचे वाचन खणखणीत, तालावर घट्ट. त्यांची ‘तालचित्रे’ कागदावर अर्धीच असतात, उरलेला अर्धा भाग जिभेने पुरा करायचा. बापटांच्या मागे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाची तालीम होती, त्यामुळे मागच्या बाकावरचा माणूस कसा पकडायचा हे त्यांना ठाऊक होते. आणि पाडगावकर तर बोलता-बोलता कधी कवितेत शिरले, हेच कळत नसे. ‘सलाम’ हा त्यांचा संग्रह १९७८ चा, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण मला त्यांच्या एका वेगळ्या संग्रहाचे नाव महत्त्वाचे वाटते, ‘बोलगाणी’. बोलायची गाणी! ‘स्पोकन वर्ड’ला याहून चांगला मराठी शब्द मला तरी सुचत नाही, आणि तो पुस्तकाच्या मुखपृष्ठावर केव्हाचा छापलेला आहे.

ही तिघेही सुशिक्षित, नोकरीपेशातली माणसे होती आणि त्यांना मौजेसारखे प्रकाशक होते. रस्त्यावरच्या शाहिरांना ते सुख नव्हते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून कामगार वस्त्या आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा हलवून सोडल्या. अमर शेखांच्या आवाजाला ध्वनिक्षेपकाची गरज नसे म्हणतात. त्यांचा ‘कलश’ हा संग्रह निघाला आणि त्याला प्रस्तावना अत्र्यांची होती. पण ‘कलश’ वाचताना मला नेहमी चुकल्यासारखे होते. शब्द आहेत, माणूस नाही. वामनदादा कर्डकांचेही ‘वाटचाल’ आणि ‘मोहळ’ हे संग्रह आहेत, तरी भीमजयंतीला त्यांची गाणी म्हणणाऱ्या कितीजणांनी ते पाहिले असतील? ती गाणी पुस्तकाला वळसा घालून गेली. नारायण सुर्वे मात्र दोन्हीकडे सारखेच ताकदीचे राहिले. गिरणगावात वाढलेला हा कवी उत्तर आयुष्यात आमच्याच जिल्ह्यात, नेरळला राहत होता. ‘माझे विद्यापीठ’ कागदावर वाचा किंवा सुर्व्यांच्या तोंडून ध्वनिमुद्रणात ऐका, कुठेही कमी पडत नाही. ही गोष्ट फार थोड्यांना साधली.

त्यानंतरच्या पिढीची गोष्ट ताजी आहे, म्हणून झटकन सांगतो. रामदास फुटाणे यांनी राजकीय वात्रटिकांना व्यासपीठ मिळवून दिले. अशोक नायगावकरांनी मिशीआडून मध्यमवर्गाला हसवत हसवत टोचले. अशोक बागवे, अरुण म्हात्रे, महेश केळुसकर आणि त्यांच्या मित्रांनी ‘कवितांच्या गावा जावे’ घेऊन प्रवास केला. सौमित्र यांनी गाण्याच्या आधी कविता बोलण्याची चाल ध्वनिफितीवर रूढ केली. २००३ पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या ‘आयुष्यावर बोलू काही’ने नाट्यगृहे भरवली, आणि त्या श्रोत्यांनीच ‘मौनाची भाषांतरे’ आणि ‘नेणिवेची अक्षरे’ या संग्रहांच्या आवृत्त्या संपवल्या. इथे क्रम पुन्हा फिरला. आधी कान, मग पुस्तक. कॅफेतल्या मुलांचे आजचे जे चालले आहे, ते याच वाटेवर पुढे.

यात एक खोट आहे, ती बोलून दाखवतो. टाळी कुठे पडते हे एकदा कळले की कवी त्याच जागी पुन्हा पुन्हा जातो. मग कविता म्हणजे टाळीपर्यंत नेणारा जिना होतो. असे संग्रह घरी आणून वाचावेत तर चौथ्या पानावर पुढचे सगळे कळते. बुवाला ही सवलत नव्हती. त्याच्या टाळीनंतर लगेच समोरून सवाल येत असे.

पेण-रोह्यासारख्या गावांत या सगळ्याची लहान आवृत्ती चालते. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर कविसंमेलन, पंचवीस कवी, तीस श्रोते, आणि त्या तिसांतले पंचवीस हे कवीच. प्रत्येकाला शाल-नारळ. आपली कविता झाली की निम्मे लोक चहाच्या निमित्ताने खाली उतरतात. संग्रह स्वखर्चाने काढलेले, तीनशे किंवा पाचशे प्रती, त्यातल्या बऱ्याच पलंगाखाली. मी थट्टा करतो आहे, पण अशा सभांत मी कमी बसलेलो नाही, आणि तिथेच एखादा मूर्तिशाळेत काम करणारा पोरगा किंवा धाटावच्या कारखान्यातला फिटर आगरी बोलीत असे काही म्हणून जातो की, चहाला उतरलेले वर येतात. बोलीतली कविता हे अलीकडचे चांगले लक्षण आहे. शाळेत ज्या बोलीबद्दल पाठीत धपाटे खाल्ले, तीच बोली माइकसमोर ताठ उभी राहते आहे.

रोह्याच्या बाबतीत एक गोष्ट मला फार गमतीची वाटते. चिंतामणराव देशमुखांचे बालपण या गावात गेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे अर्थमंत्री. त्यांनी मेघदूताचा मराठी पद्यानुवाद केला, संस्कृतात स्वतंत्र काव्य लिहिले, आणि ते छापून सुरक्षित आहे. त्याच काळात, त्याच कुंडलिकेच्या काठी, रात्री शक्ती-तुऱ्याचे बुवा शेकडो कवने रचत होते. चिंतामणरावांचा श्लोक आज दोन मिनिटांत काढून देता येईल. त्या काळच्या एकाही बुवाचे पूर्ण कवन मला मिळालेले नाही.

आणि आता काळ कमी आहे, याचे कारण फक्त म्हातारपण नाही. या गाण्यांची भाषा जमिनीची आहे. खाडीचे पाणी अडवणारा बांध, पाणी सोडायची उघाडी, खाजण, मिठागर, भाताच्या जाती, हे धवल्यातले शब्द आहेत. २००८ च्या सप्टेंबरात पेण तालुक्यातल्या बावीस गावांनी सेझ हवे की नको यावर मत नोंदवले, हे अनेकांना आठवत असेल. तो प्रकल्प झाला नाही. पण रस्ते रुंद झाले, गोदामे आली, शेते विकली गेली, आणि ज्या मुलीने उघाडी पाहिलीच नाही तिला आजीचा धवला परदेशी भाषेसारखा ऐकू येतो. काही आगरी तरुण-तरुणी लग्नाला जाऊन, खऱ्या मांडवात, धवलारणींचे मोबाइलवर ध्वनिमुद्रण करतात आणि ते सर्वांसाठी खुले ठेवतात. टेपरेकॉर्डर घेऊन भलत्या वेळी गेलेल्या माझ्यासारख्या मास्तरांपेक्षा त्यांची रीत बरी. आजींचे म्हणणेही राहते आणि धवलाही राहतो. फक्त त्यांना एकच विनंती मी करतो: खाली ‘पारंपरिक’ लिहू नका, म्हणणारीचे नाव लिहा, गाव लिहा, आणि ती कुणाकडून शिकली तेही विचारून घ्या.

त्या वहीवाल्या बुवांकडे मी अजून जातो. आता ते नाचात उतरत नाहीत, गुडघे दुखतात. नातू कंपनीत आहे, त्याला चाली येतात पण रात्रपाळी असते. गेल्या खेपेला मी पुन्हा विषय काढला, वहीची निदान झेरॉक्स तरी करू या म्हटले. त्यांनी बराच वेळ पाने चाळली. मग म्हणाले, ‘‘करा. पण सवाल तेवढेच घ्या. जवाबाची पानं मी बाजूला काढून ठेवतो.’’ रोह्याच्या स्टेशनसमोरच्या दुकानात आम्ही त्या सवालांच्या प्रती काढल्या. एकशे बारा पाने झाली.